तीन तोळे चांदी, चार तोळे दही

विट्यात निम्म्या घरांचा दुसरा पत्ता लांबच्या गावचा असतो.
आमचा सेलमचा होता. तिथं हिंदुराव, माझे वडील,
सराफांच्या आळीत बारा बाय आठच्या खोलीत
लोकांचं सोनं गाळायचे.

दिवाळीला यायचे. बोटं पिवळी, तेजाबानं भाजलेली,
आणि पिशवीत तराजू,
कारण तो तिकडं ठेवून आले की त्यांना झोप लागत नसे.

मला पहिलं रसायनशास्त्र त्यांनी सोप्यात बसून शिकवलं,
हे त्यांना कधी कळलं नाही.
"शेठ म्हणतो, घट आली. दोन गुंजा कमी.
मी म्हणतो, गेलं न्हाई कुठं, बसलंय कुठंतरी."
मग ते मूस फोडायचे. खाली अंथरलेलं तरट जाळायचे.
हात धुतलेलं पाणी पिंपात साठवलेलं असायचं, ते आटवायचे.
केरसुणी, जिला घरात पाय लावू देत नाहीत,
तीही भट्टीत.
राखेतून दोन गुंजा निघायच्या.
दीडच निघाल्या तर त्या रात्री जेवायचे नाहीत.

नववीत चौगुले बाईंनी फळ्यावर लिहिलं:
वस्तुमान नष्ट होत नाही.
मी वहीत उतरवलं नाही. मला ते माहीत होतं,
केरसुणीसकट.

चांदीचं निराळं. शोऱ्याच्या तेजाबात ती दिसेनाशी होते,
नवखा माणूस म्हणेल, संपली.
वर मिठाचं पाणी ओतलं की तळाशी दही बसतं,
पांढरंशुभ्र, उन्हात जांभळं पडणारं.
वाळवून तोला:
तीन तोळे चांदीचं चार तोळे दही.
सेलमला चार, कोचीत काकांच्या दुकानात चार,
मिठाची मूठ जरा सैल सुटली तरी चारच.
जास्तीचं मीठ पाण्यात उभं राहतं,
पंगत भरल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं.
"असं का?"
"असंच असतंय," म्हणाले, आणि पुडी बांधली.

बाईंना 'असंच असतंय' चालत नसे.
त्यांनी दोन भुकट्या आणल्या, एक लाल, एक काळी.
दोन्हींत तांबं आणि प्राणवायू, तिसरं कुणी नाही.
लाल: एक ग्रॅम वायूमागं आठ ग्रॅम तांबं.
काळी: एकामागं चार.
"मधली कुठंय? सहाची? साडेपाचची?"
वर्ग गप्प. व्हरांड्यात शिपाई घंटेकडं बघत उभा.
"सायकलवर एकजण बसतो. डबलसीट दोन.
दीड माणूस बसलेला पाहिलाय कुणी?"

मागच्या बाकावरून मुबारक मुजावर,
जो एरवी फक्त हजेरीला बोलायचा:
"म्हणजे तांबं मोजून येतंय बाई. मापून न्हाई."

बाईंचा खडू तसाच राहिला.
मग म्हणाल्या, दोनशे वर्षांमागं
एका परदेशी शाळामास्तराला हेच सुचलं.
त्याच्याकडंही नुसते वजनांचे आकडे होते.
कण त्यानं पाहिला नव्हता.
"आमच्या सासूबाई सांगतात, परमाणू आमच्या पोथीत आधीपासून आहे.
आहेच. वजन मात्र त्याला तराजूवर मिळालं."
घंटा झाली. मुबारक पुन्हा गप्प झाला तो दहावीपर्यंत.

हिंदुराव कायमचे परतले तेव्हा एक्केचाळीस किलो भरले.
जाताना बासष्ट होते, आईला पक्कं आठवत होतं.
छातीत तेजाबाचा धूर, जिना चढताना शिट्टी.
मी हिशेब मांडला. एकवीस किलो.
किती सेलमच्या कौलांना, किती त्या खोलीच्या भिंतींना,
किती कुणाच्या बांगडीला?
नियम सांगतो, गेलं नाही कुठं.
पत्ता सांगत नाही.

आता त्याच शाळेत मी प्रयोगशाळा सांभाळते.
डिजिटल काटा आलाय. बिघडतो,
तेव्हा घरून तो तराजू आणते.
दोरी चिमटीत धरते. पारडं हलत राहतं.
मुलं विचारतात, मॅडम, थांबत का नाही?
मी म्हणते, आधी पंखा बंद करा.